काटवल फुलायची वेळ

सासूबाईंचे नियम पुष्कळ होते आणि त्यातले निम्मे मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच मोडून टाकले होते. उंबरठ्यावर बसू नये, उभ्याने पाणी पिऊ नये, शनिवारी नखं कापू नयेत. त्या बोलायच्या, मी मला हवं तेच करायची, आणि दोघींचं त्यात बरं चाललं होतं. एक नियम मात्र त्यांनी कोणालाच मोडू दिला नाही. दिवेलागणीला मागच्या परसात पाऊल टाकायचं नाही. "झाडं झोपतात त्या वक्ती. झोपल्या झाडाले हात लावू नये," असं त्या म्हणायच्या.

मी वर्ध्याची. हे वाक्य मीही लहानपणापासून ऐकलेलं होतं, पण माझ्या माहेरी ते नुसतं म्हणण्यापुरतं होतं. इथे त्याची अंमलबजावणी व्हायची. तिन्हीसांजेला सासूबाई स्वतः वाळलेले कपडे काढायला मागे जायच्या आणि जाताना दार ओढून घ्यायच्या. आत मी ऑफिसातून येऊन चहा टाकायची, सासरे टीव्हीवर बातम्या लावून बसायचे, नवरा अजून भनपुरीहून, कामावरून यायचा असायचा. बऱ्याच वेळाने त्या कपडे घेऊन आत यायच्या आणि देवाजवळ दिवा लावायच्या. चार टॉवेल आणि दोन लुगडी काढायला इतका वेळ काहून लागतो, असं आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही.

घर रायपूरच्या समता कॉलोनीतलं, जुनं, एकमजली. सासऱ्यांनी रेल्वेत असताना घेतलेलं. त्यांना मी बाबा म्हणते. छत्तीसगढ राज्य नवं झालं, रायपूरची राजधानी झाली, तेव्हा मला एका नव्या सरकारी खात्यात नोकरी लागली. आमच्या ऑफिसात खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. गावाला अंगात आल्यासारखं झालं होतं. रस्ते रुंद होत होते, जुनी घरं पाडून तिथे तीन-तीन मजले चढत होते, आणि आमच्या मागच्या भिंतीपलीकडच्या गल्लीत उंच खांबांवर पिवळे दिवे लागले होते. "आता अंधार पाहाले नागपूरले जा लागते," असं बाबा म्हणायचे.

परसात एक मांडव होता आणि त्यावर काटवलाची वेल. पुण्याकडे करटोली म्हणतात, इथे खेकसी म्हणतात, आमच्या विदर्भात काटवल. हिरवं, अंगभर मऊ काटे असलेलं, लिंबाएवढं फळ. कंद जमिनीतच राहतो, पाऊस पडला की आपला आपण फुटतो. सासूबाईंनी तो कंद माहेराहून आणून लावला होता. भिंतीच्या कोपऱ्यात तसलीच दुसरी एक वेल होती, ती नुसती फुलायची. तिला एकही फळ कधी लागलं नाही. एकदा मी ती उपटायला निघाले तर सासूबाईंनी माझा हात धरला. "राहू दे त्याले. त्याचं काम हाय," म्हणाल्या. मी बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलं होतं, पहिल्या वर्गात पास झाले होते, आणि तरी ते काम कोणतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. परीक्षेतलं परीक्षेत राहिलं होतं.

चैत्र संपता संपता सासूबाई गेल्या. दुपारी जेवून पडल्या, त्या उठल्याच नाहीत. आजार नाही, निरोप नाही.

दहाव्या दिवशी आम्ही खारून नदीच्या घाटावर गेलो. पिंड मांडला. झाडांवर कावळे भरपूर होते, पण एकही खाली उतरेना. नवरा हात जोडून पुढे झाला, म्हणाला, "आई, तुह्या पाटल्या ताईले देतो." कावळे बसून राहिले. मी म्हटलं, "बाबांची औषधं मी वेळेवर देईन." काही नाही. नणंद रडून रडून काय काय कबूल करत होती. शेवटी बाबा पुढे आले. ते बोलायला लागले आणि मधेच थांबले. उन्हात उघड्या अंगाने उभा असलेला तो उंच माणूस आमच्याकडे वळून म्हणाला, "तिले काय पाहिजे होतं रे? मले मालूमच नाही."

गुरुजींनी अखेर दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. शास्त्रात सोय आहे, असं ते म्हणाले. सोय झाली, समाधान काही झालं नाही.

त्यानंतर बाबांना तो प्रश्न चिकटला. येईल त्याला विचारायचे. नणंदेला फोन करून विचारलं, सासूबाईंच्या भावाला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. मला तर रोज विचारायचे. "तू बाई माणूस, तुले काही बोलली असंल." माझ्याशी त्या बोलायच्या ते मिठाबद्दल आणि गॅसबद्दल. मी आठवून आठवून थकले. मग चिडले. "बाबा, माणूस जातो तेव्हा काही ना काही राहूनच जातं," असं एकदा फटकन बोलले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढे रात्रीचं जेवण सुटलंच. सकाळचंही निम्म्यावर आलं. कॉलोनीतल्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, शरीरात काही नाही, पण असंच चाललं तर होईल.

पाऊस पडला आणि काटवलाचे दोन्ही कंद फुटले. सासूबाई नसताना ती वेल मांडवावर चढताना पाहून मला कसंसंच झालं. फुलं आली, भरघोस आली. फुलामागे इवलीशी काटेरी गाठ दिसायची, म्हणजे फळ धरणार असं वाटायचं. दोन दिवसांत ती गाठ पिवळी पडायची आणि गळायची. एकही टिकेना. बाबा सकाळी उठून मांडवाखालच्या त्या पिवळ्या गाठी वेचायचे, ओंजळीत घेऊन आत यायचे आणि टेबलावर ठेवायचे.

"पाय, आजही."

"बाबा, पाऊस जास्त झाला."

"पाऊस दरसाली असते. ती नाराज हाय. आपल्याले खाऊ देऊन नाही राहिली."

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण खरं सांगते, त्या दिवसांत मला घरात भीती वाटायला लागली होती. दिवेलागणीला मागचं दार आपोआप किंचित हलल्यासारखं वाटायचं. चहा टाकताना हात आपसूक तिसऱ्या कपाकडे जायचा. बातम्यांचा आवाज बाबांनी बंदच केला होता, त्यामुळे त्या वेळेची शांतता आता ऐकू यायची. परसात कोणीतरी आहे आणि ते आत येण्याची वाट पाहत आहे, असं मला रोज वाटायचं. आणि रोज मी दार उघडून बघायचं टाळायची. नियम पाळते आहे, असं स्वतःला सांगायची.

नवऱ्याने तेलीबांध्याकडे एक फ्लॅट पाहिला होता. तिसरा मजला, लिफ्ट, बाल्कनीतून तलाव दिसतो. त्याचं म्हणणं होतं की या घरातून निघालं की बाबा सावरतील. बाबा म्हणाले, "तुम्ही जा. ती इथंच हाय, मी कसा येऊ?" त्यावरून एका संध्याकाळी आमच्या दोघांचं कडाक्याचं वाजलं. "यार, तू समझती नहीं," असं तो हिंदीत म्हणाला, आणि तो हिंदीत भांडायला लागला की मला जास्त राग येतो. मी उठले, मागचं दार धाडकन उघडलं आणि कपडे काढायच्या निमित्ताने परसात गेले. लग्न होऊन आल्यापासून त्या वेळेला तिथे पहिल्यांदाच.

उजेड नुकताच मावळत होता. मांडवावर शेंगदाण्याएवढ्या मिटलेल्या कळ्या होत्या, आणि मी बघत असतानाच त्यातली एक हलली. वारा नव्हता. पाकळ्या सुटल्या, थोड्या थांबल्या, मग मागे वळल्या आणि फिकट पिवळं फूल पूर्ण उघडलं. मग शेजारचं. मग पलीकडचं. कोणीतरी हाताने एकेक उघडत चाललंय असं वाटलं आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कोपऱ्यातल्या नुसत्या फुलणाऱ्या वेलीवरही तेच चाललं होतं. तिच्या फुलाला मी बोट लावलं तर बोटाला पिवळी भुकटी लागली.

तेव्हा कुठे शिकलेलं आठवलं. ही नराची वेल, मांडवावरची मादीची. फूल उगीच केव्हाही उमलत नाही. पराग जपून वापरायची गोष्ट आहे. पावसाने भिजला की गेला, उन्हाने वाळला की गेला. म्हणून ज्या फुलाचा जो पाहुणा असेल, त्याच्या येण्याच्या वेळेलाच ते दार उघडतं आणि तेव्हाच पराग सोडतं. लाल भोपळ्याचा पाहुणा मधमाशी, म्हणून भोपळा पहाटे उमलतो. काटवलाचा पाहुणा पतंग, तो तिन्हीसांजेचा. सकाळी बाबा उठेपर्यंत सगळं आटोपलेलं असतं, फूल मान टाकून बसलेलं असतं. मी मान वर केली. भिंतीपलीकडच्या पिवळ्या दिव्याभोवती पतंगांचा गराडा पडला होता. आमच्या मांडवावर एकही नव्हता.

आणि झाडं झोपतात म्हणणाऱ्या सासूबाई नेमक्या याच वेळेला इथे यायच्या.

दुसऱ्या दिवशी मी त्याच वेळेला गेले. डास फार होते म्हणून खुंटीवरची सासूबाईंची जुनी चादर डोक्यावरून घेतली. कोपऱ्यातलं एक फूल तोडलं, पाकळ्या मागे सारल्या आणि मांडवावरच्या फुलांच्या मधोमध अलगद टेकवत निघाले. बाजूच्या भिंतीपलीकडून आवाज आला.

"हव, तहूं आ गेस?"

'तूही आलीस का' म्हणत होत्या शेजारच्या काकी. छत्तीसगढी बाई, सासूबाईंच्याच वयाच्या, त्यांच्या परसातला दिवा लावायला आलेल्या. मी चोरी पकडल्यासारखी थबकले. त्या म्हणाल्या, "तोर सास घलो अइसनेच करय. रोज."

"सासूबाई पण हेच करायच्या? रोज?"

"रोज. अउ गोठियावत रहय फूल मन संग. हाँसय, कभू रोवय घलो."

फुलांशी बोलायच्या. हसायच्या. कधी रडायच्यासुद्धा. माझ्या सासूबाई, ज्या घरात मिठाखेरीज बोलत नसत. मी भिंतीजवळ गेले. "काकी, काय बोलायच्या? क्या बोलती थीं?"

काकींनी वातीवरची काजळी झटकली. "मराठी म गोठियावय, बेटी. मैं का जानंव?"

मी तिथेच कपडे धुवायच्या दगडावर बसले. जिला ऐकू येत होतं तिला मराठी येत नव्हतं, आणि ज्यांना मराठी येत होतं ते आम्ही आत बातम्या ऐकत होतो. रडू आलं आणि रागही आला. सासूबाईंचा आला, बाबांचा आला, झाडं झोपतात हे ज्याने कोणी पहिल्यांदा सांगितलं त्याचाही आला. त्यांना त्या घरात स्वतःचा म्हणून एवढाच वेळ मिळाला होता, आणि तोही त्यांनी आम्हाला घाबरवून मिळवला होता.

घरात मी काही बोलले नाही. कसं बोलणार होते? बाबांना हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. मी रोज दिवेलागणीला जात राहिले. चार-पाच दिवसांत गाठी पिवळ्या पडायच्या थांबल्या. हिरव्या राहिल्या, फुगायला लागल्या. बाबांनी ते पाहिलं. त्या दिवशी ते टेबलाशी आले आणि म्हणाले, "मले अर्धी पोळी दे." मी दिली. ती संपवून ते हळूच म्हणाले, "ती येऊन राहिली."

मी नवऱ्याकडे पाहिलं. नंतर त्याला एकट्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "खाऊन राहिले ना बाबा? मग तू चूप राह्य. काय बिघडते?"

बिघडत होतं. बाबा अर्ध्याची एक पोळी खायला लागले, पण डोळे भलतीकडेच असायचे. दुपारपासून मागच्या खिडकीत बसायचे. सासूबाईंचं लुगडं धुऊन दोरीवर घालायला लावलं. मला म्हणाले, "चहा एक कप जास्त टाक." मी टाकला. तो कप पाहून मला रात्री झोप लागली नाही. सांगितलं तर खाणं सुटेल, नाही सांगितलं तर हा माणूस आमच्यात असून नसल्यासारखा होईल. इकडे आड तिकडे विहीर.

मग एक दिवस आभाळ लवकर दाटलं. मी चादर डोक्यावर घेऊन, पाठमोरी, हात वर करून फुलाला फूल टेकवत होते. मागे दार वाजलं. आणि एक आवाज आला, जो मी बाबांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. इतका हळवा की तो त्यांचा आहे हे कळायला मला वेळ लागला.

"आलीस का?"

मी वळले नाही. नुसती उभी राहिले असते, आत निघून गेले असते, तर ते आयुष्यभर समाधानात राहिले असते. पण माझा स्वभाव तसा नाही. दुसऱ्याच्या नावाने उभं राहणं मला जमत नाही, मग ते नाव मेलेल्या माणसाचं का असेना. मी चादर खाली घेतली.

"मी हाय, बाबा."

ते दाराची चौकट धरून उभे होते. चेहरा बघवत नव्हता. "म्हणजे ती नाही आली?"

"त्या रोजच यायच्या, बाबा," मी म्हटलं. "आपण नाही आलो."

मग मी सगळं सांगितलं. फुलाची वेळ, पराग, पतंग, दिवे. ते ऐकत होते की नाही कळत नव्हतं. शेवटी काकींनी सांगितलेलं सांगितलं, की आई इथे बोलत असत, हसत, रडत. तेव्हा बाबा तसेच अनवाणी चिखलातून भिंतीपर्यंत गेले आणि काकींना हाक मारली. काकी आल्या. बाबांनी हिंदीत विचारलं, काय म्हणायची ती, एक तरी गोष्ट आठवते का? काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्यांना फार वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "नइ जानंव, बाबूजी. मराठी म गोठियावय," एवढंच त्या म्हणाल्या.

बाबा दगडावर बसले. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या केबिनमध्ये गेली होती, गाड्यांना रस्ता देण्यात. "साऱ्या गाड्यायच्या वेळा मले तोंडपाठ होत्या," ते म्हणाले. "अप, डाऊन, लेट, सारं. घरातली एक वेळ नाही समजली मले." आणि ते रडले. घाटावर रडले नव्हते, ते इथे रडले. मी त्यांच्याजवळ चिखलात बसून राहिले. वर फुलं उघडत होती आणि मला त्यांची आता भीती वाटत नव्हती, नुसतं वाईट वाटत होतं.

त्या रात्री ते जेवले नाहीत. मला वाटलं, झालं, माझ्या तोंडाने घात केला. नवरा माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बाबा उठले, पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "कोणतं फूल तोडा लागते, दाखव मले."

दाखवलं. केबिनमधले जड लोखंडी खटके ओढण्यात ज्यांचे हात गेले, त्या हातांत ते फूल राहत नव्हतं. पहिली दोन चुरगळली. तिसरं टेकलं. घरात आल्यावर हात धुऊन ते टेबलाशी जेवायला बसले. पुढच्या आठवड्यात पहिली काटवलं निघाली. मी गोल चकत्या करून, कांदा घालून तव्यावर कुरकुरीत परतली. बाबांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." असा आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

फ्लॅटचा विषय मग नवऱ्यानेच काढला नाही. हंगामभर बाबा रोज मागे जायचे. फुलं टेकवून झाली तरी आत यायचे नाहीत, दगडावर बसून राहायचे, अंधार पडेपर्यंत. मी स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. वाटायचं, आता हेही बोलतील, आईंसारखे. इतक्या वर्षांचं काहीतरी सांगतील. पण परसातून आवाज यायचा नाही.

एकदा मला राहवलं नाही. मी बाहेर जाऊन विचारलं, "बाबा, आई तं बोलत होत्या. तुम्ही काहून काही बोलत नाही?"

"मी काय बोलू?" ते म्हणाले. "मी जिंदगीभर बोललो. मी बोललो का ती चूप होत होती. आता मी ऐकून राहिलो."

मांडवावरची फुलं पूर्ण उघडली होती. मी त्यांच्याजवळ दगडावर टेकले. मग विचारलं, "ऐकू येते का काही?"

"नाही," बाबा म्हणाले. "पण वेळ तं हेच हाय नं."